शालीखालची वीज

सोमवार, ७ नोव्हेंबर २००५. सकाळी ७.१०

नवी वही उघडली. दिवाळीत जावयांनी दिली. वर सिमेंट कंपनीचं नाव आहे, पण आतली पानं कोरी आणि गुळगुळीत. शाळेत नवं पुस्तक मिळालं की आधी वास घ्यायचो, मग कवितांची पानं शोधायचो. हिचाही घेतला. सिमेंटचाच आला.

संकल्प: रोज साडेपाचला फिरायला जाणे (आज उठायलाच सात झाले, थंडी फार). चहात एक चमचा साखर. 'वीजगौरव' हे माझं दीर्घकाव्य वर्षअखेर पूर्ण करणे. एकोणीस कडवी झाली आहेत, एक्केचाळीस हवीत. रोज अर्धं कडवं म्हटलं तरी होऊन जातं.

सायंकाळी ५

आयुष्याला वळण. दुपारी राजदीप वानखडे साहेब घरी आले. नवे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, वय चौतीस. जूनमध्ये आमचं वीज मंडळ मोडून त्याच्या कंपन्या झाल्या, तेव्हापासून सगळीकडे असली कोवळी मुलं साहेब आहेत. लोहाऱ्याच्या आमच्या ट्रेनिंग हॉलची दुसरी किल्ली न्यायला आले होते. मी तिथे एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, किल्ली द्यायची राहून गेली. (मंडळाचा गोल शिक्काही राहून गेला आहे. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.)

हॉल कोणी वापरत नाही, म्हणून ३१ डिसेंबरला तो रिकामा करून जुने मीटर भरून ठेवायचे, असं वरून पत्र आहे म्हणे. मला घोटभर पाणी प्यावं लागलं. त्या हॉलमधला काळा फळा मी स्वतः दरवर्षी रंगवून घेतला आहे.

दुसरंही एक पत्र आहे. 'बदलत्या वीजबाजारातील सहभागी घटकांसाठी प्रशिक्षण' डिसेंबरअखेर घ्यायचं. साहेब म्हणाले, काका, तुम्ही हॉल झाडून द्या, चाळीस माणसं बसवा, मी तासभर बोलतो, सह्या घेऊ, दोन फोटो काढू. कार्यक्रम चांगला झाला तर हॉल राहू द्या असं मी वर लिहून पाहतो.

शब्द नीट पाहावेत. कार्यक्रम चांगला झाला तर. म्हणजे संपूर्ण आखणी त्यांनी माझ्यावर सोपवली.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

साडेपाचचा गजर वाजला. बायकोने, शीलाने, बंद केला. फिरणं राहिलं, त्याला मी जबाबदार नाही.

पाच दिवसांचं प्रशिक्षण आखलं. पहिला दिवस: वीज आणि मानवी मन. दुसरा: मंडळाच्या सुवर्णकाळाच्या आठवणी (वक्ता मी). तिसरा: मागणी आणि पुरवठा. चौथा: प्रश्नोत्तरे. पाचवा: 'वीजगौरव'चं संपूर्ण वाचन, मग प्रमाणपत्रं. शीलाला वाचून दाखवलं. ती गहू निवडत होती. म्हणाली, पाच दिवस बसायला लोकांना काही कामंधामं नाहीत का हो? आणि उठलाच आहात तर दळण घेऊन जा, पीठ संपलंय.

तिचा पिंड गद्य आहे.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

दळण घेऊन लोहारा गावात शकुबाईच्या चक्कीवर गेलो. चक्की बंद. शकुबाई पट्ट्यावर हात ठेवून बसलेली. पंचावन्नची असेल, बोलणं हातोड्यासारखं. गावाचा लाइट संध्याकाळी सहा ते नऊ जातो, रोज. भारनियमन. दिवसा काय, दिवसा बायका कापूस वेचायला वावरात असतात, दळण आणते कोण? संध्याकाळी घरी येतात, तेव्हा पीठ पाहिजे अन् तेव्हाच लाइट नाही. म्हणाली, "बाबूजी, नवरा गेला तं चक्की चालली. हे तीन घंटे गेले अन् चक्की बसली. मार्चपर्यंत पाहीन, मंग मोडीत घालीन."

मी तिला धीर दिला. म्हटलं, बाजार बदलतो आहे, तुम्ही प्रशिक्षणाला या. तिने विचारलं, तिथं लाइट देऊन राह्यले का? मी म्हटलं, ज्ञान देणार आहोत. ती म्हणाली, "ज्ञान दळता येते का पाहा."

पण येईन म्हणाली. एक नाव झालं. एकोणचाळीस राहिली. दळण परत आणलं.

बुधवार, १६ नोव्हेंबर

साहेबांनी अभ्यासाला इंग्रजी फाइल दिली. साठ पानं. पहिल्या पानावर तीन दिवस गेले. 'ओपन ॲक्सेस'ला 'मुक्तद्वार' हा शब्द काढला. फार सुंदर आहे. आता पुढची पानं वाचली नाहीत तरी चालेल असं वाटतं.

पाच दिवसांचं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, काका, एक तास. मी म्हटलं, तीन दिवस. ते म्हणाले, चहाचं बजेट एका दिवसाचं आहे. शेवटी एक दिवस ठरला, आणि ३१ तारखेला संध्याकाळी समारोप. मी मिळवलेल्या या विजयाची शीलाला कल्पना दिली.

साहेब जाता जाता म्हणाले, माझे वडील लाइन हेल्पर होते, याच हॉलमध्ये ट्रेनिंगला बसले होते. मी लगेच म्हणालो, आठवतात. खरं तर जुनं हजेरी रजिस्टर काढल्यावर आठवले. तीन दिवस मी त्यांची गैरहजेरी मांडली आहे. साहेबांना अजून हे बोललो नाही.

सोमवार, २१ नोव्हेंबर

पंजाबराव भेटले. लोहाऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांची जिनिंग आहे. खुर्ची टाकून फाटकात बसले होते. यंदा कापूस इकडे फिरकलाच नाही, भाव पडला, लोकांनी घरातच भरून ठेवला. म्हणाले, "भाऊ, शकुबाईकडे दाणे हाय, लाइट नाई. माह्याकडे चोवीस घंटे लाइट हाय, कापूस नाई. मशीन माह्या तोंडाकडे पाहून राह्यली."

प्रशिक्षणाला येता का विचारलं. म्हणाले, येतो, इथं बसण्यापेक्षा तिथं बसतो.

त्यांच्याशी बोलताना कल्पना सुचली. असा प्रकाश क्वचित पडतो. वीजबाजार बाजार आहे ना? मग हॉलमध्ये बाजारच भरवायचा. पंजाबराव म्हणाले की बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं धरायची. कोणी काय भाव केला ते तिसऱ्याला कळत नाही. मी घरी येऊन फाइल उघडली. बत्तिसाव्या पानावर हुबेहूब तेच: बंद बोली! साहेबांना फोन केला. त्यांनी ते पान माझ्याकडून वाचून घेतलं. मग म्हणाले, काका, हे खरं म्हणजे बरोबर आहे.

रुमाल चालणार नाही, प्रसंग मोठा. माझी निरोपसमारंभाची शाल वापरू. याच हॉलमध्ये मला पांघरली होती.

गुरुवार, १ डिसेंबर

फिरणं उद्यापासून. महिना नवा आहे.

पंजाबरावांनी बोटांची भाषा शिकवायला दोन तास घेतले. एक बोट, दोन बोटं, मूठ, तळहातावर गोल. मला साधारण तत्त्व समजलं. तपशील पाठ करायची गरज नाही, मी आयोजक आहे. त्याऐवजी कडवं केलं:

मागणीस पुरवठा भेटला बाजाराच्या दारी,
दर ठरला तो शालीखाली, बोटे मोजुन चारी.

चालीवर म्हणून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. शीला म्हणाली, बोटं पाच असतात. तिला वृत्ताचं काय!

रविवार, ११ डिसेंबर

तयारी पूर्ण वेगात. चाळीसपैकी अकरा नावं झाली. माझ्या प्रकाशनगरातून एकही नाही. ही आम्हा रिटायर कर्मचाऱ्यांची सोसायटी. एकाला मालिका, दुसऱ्याला गुडघे. संध्याकाळी सहा ते नऊ सगळे टीव्हीपुढे. ज्यांनी आयुष्यभर वीज वाटली त्यांना वीजबाजाराचं काही पडलेलं नाही, हे लिहून ठेवतो.

बाजाराचे नियम ठरवले. हॉलमध्ये पैशाचा व्यवहार नको, असं साहेबांनी निक्षून सांगितलं आहे. म्हणून सौदा वस्तूवर. प्रत्येक गटाला एकेक खुर्ची: गावाची, कारखान्यांची, प्रकाशनगरची. प्रत्येक सौद्याची चिठ्ठी होणार आणि तिच्यावर शिक्का मारणार. शिक्क्याशिवाय प्रशिक्षणार्थी गंभीर होत नाहीत, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव.

बुधवार, २१ डिसेंबर. रात्री ८

झाला. यशस्वी झाला. 

सत्तावीस माणसं. चहाची बातमी पसरल्यावर एक्केचाळीस. साहेब बोलले, पंधरा मिनिटं. मग मी उठलो. दोन वाक्यांचं प्रास्ताविक ठरवलं होतं, पाऊण तास झाला. शेवटी आवाज चढवून म्हणालो, आजच्या बाजारात झालेला सौदा हा खरा सौदा मानावा! टाळ्या पडल्या. सबस्टेशनचा ऑपरेटर लखीराम पहिल्या बाकावर होता. त्याने ते वहीत लिहून घेतलं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, पण विद्यार्थ्यासारखा. कुठल्या वस्तीचा फीडर कधी बंद ठेवायचा ते त्याच्या हातात असतं. साहेबांना त्याने मघाशी सांगितलंच होतं, "वरून एवढे मेगावॅट पाडा म्हणते. कुठून पाडाचे ते मी पाह्यतो."

मग शाल पसरली. पंजाबरावांनी जिनिंगचे दुपारचे दोन तास गावाच्या पाणीपुरवठ्याला दिले, बदल्यात गाडीभर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. बायकांनी चूल पेटवायला ठेवलेल्या त्या पऱ्हाट्या. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रकाशनगरच्या खुर्चीवर कोणीच नव्हतं. नमुना म्हणून मीच बसलो. समोर गावाच्या खुर्चीवर शकुबाई. शालीखाली तिने माझी तीन बोटं घट्ट धरली, दाबली, मग तळहातावर बोट गोल फिरवलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती एकटक माझ्याकडे पाहत होती. काही माणसांना शब्द सापडत नाहीत. माझ्या भाषणाने ती गहिवरली हे स्पष्ट होतं. मीही आदराने तिचा हात दाबला आणि मान हलवली. ती म्हणाली, "दळण तुमच्या घरी पोचते करतो, बाबूजी." किती साधेपणा! शकुबाईने कानात सांगितलं तशी लखीरामने चिठ्ठी लिहिली, मी न वाचताच शिक्का मारला. विश्वास हाच बाजाराचा पाया, हे वाक्य तिथल्या तिथे सुचलं.

सह्या एक्केचाळीस. फोटोत माझा अर्धा चेहरा आला, उरलेला शालीमागे.

गुरुवार, २२ डिसेंबर. सायं. ६.३०

प्रकाशनगरचा लाइट गेला. अगदी सहाच्या ठोक्याला. मेणबत्तीत लिहितो आहे. नव्या कंपनीचा कारभार हा असा. मंडळाच्या काळात लाइट जायचा, पण मनाने जायचा.

शुक्रवार, २३ डिसेंबर

पुन्हा सहाला गेला, नऊला आला. मोबाइलच्या उजेडात जेवलो. शीलाने पोळी करपवली आणि दोष मला दिला.

शकुबाईकडून दहा किलो बारीक पीठ आलं, एक बाई डोक्यावर घेऊन आली. हिशोब विचारला तर हसली, म्हणाली वर्षभर येईल. गुरुदक्षिणा! असा समाज अजून आहे. शीला म्हणाली, तुम्ही तिला नेमकं काय शिकवलं?

सोमवार, २६ डिसेंबर

चार संध्याकाळी अंधारात गेल्या. सोसायटीची माणसं आली. मालिकेतल्या सुनेचं काय झालं ते चार दिवस कुणालाच कळलेलं नाही, त्यामुळे वातावरण तंग. सगळ्यांनी मिळून मला अर्ज लिहायला सांगितलं. तुम्ही जुने, तुमची भाषा चांगली. नाही म्हणता आलं नाही. अर्ज लिहिला, अत्यंत तिखट. 'सूर्यास्ताच्या वेळी आमच्याच घरात सूर्यास्त करण्याचा हा अघोरी प्रकार' अशी सुरुवात. शेवटी दोन ओळी पद्यात. वाचला तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या, तिसऱ्याचा हात गुडघ्यावर होता.

हॉलही प्रकाशनगरच्याच फीडरवर आहे. समारोप ३१ तारखेला साडेपाचला ठेवला आहे. साहेबांना म्हटलं सहाला लाइट जातो. ते म्हणाले, काका, मी पाहतो. त्यांनी पाहिलं म्हणजे झालं.

मंगळवार, २७ डिसेंबर. दुपार

अर्ज घेऊन सबस्टेशनवर गेलो. लखीराम भाकर खात होता. अर्ज वाचला, डोळे पुसले (कविता भिडली असावी), मग लॉगबुक काढलं. म्हणाला, "बाबूजी, म्या काय केलं? याडीची शपथ, तुमचाच शिक्का हाय." त्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. लॉगबुकात चिठ्ठी टाचली होती. त्याच्या अक्षरात: प्रकाशनगर, सहा ते नऊ, रोज, वर्षभर, गावाला दिले. मोबदला: दळण. खाली गोल शिक्का, स्वच्छ उमटलेला.

मी त्याला समजावलं की तो सराव होता, नाटक होतं, अध्यापनशास्त्र होतं. तो म्हणाला, "खरा सौदा मानावा असं तुम्हीच बोलले ना? म्या लिहून घेतलं. शिक्का पाह्यला की माह्या हात आपसुक स्विचवर जाते." आणि असंही म्हणाला की गावातून एक तक्रार नाही, तेवढेच मेगावॅट पडतात, वरचे खुश आहेत.

अर्ज परत आणला. लखीरामचा काहीतरी समजुतीचा घोटाळा झाला आहे. आकड्यांची माणसं.

सायंकाळ ७, मेणबत्ती

शीलाने विचारलं, अहो, शालीखाली तिने तुमची किती बोटं धरली होती?

मी म्हटलं, तीन. भावनेच्या भरात.

ती म्हणाली, तळहातावर बोट फिरवलं?

म्हटलं, हो, गोल.

शीलाने मेणबत्ती माझ्या तळहाताजवळ आणली. तिचे वडील पांढरकवड्याच्या बैलबाजारात पावत्या फाडायचे हे मला लग्नात सांगितलं होतं, मी विसरलो. म्हणाली, तीन म्हणजे तीन तास. गोल म्हणजे वर्षभर. तुम्ही हात दाबलात म्हणजे सौदा पक्का. अहो, तुम्ही अख्ख्या कॉलनीची संध्याकाळ आपल्या पिठावर विकलीत.

मी म्हटलं, हा एक दृष्टिकोन झाला.

ती म्हणाली, कॉलनीत हे कुणाला कळू देऊ नका. आणि पिठाच्या डब्यावर पेपर टाका.

बुधवार, २८ डिसेंबर

शकुबाईकडे जाऊन सौदा मागे घेण्याविषयी बोलायचं ठरवलं. गेलो. चक्की चालू होती, बाहेर पंधरा बायका डोक्यावर डबे घेऊन. शकुबाई पिठाने पांढरी झालेली, पापण्यासुद्धा. मला पाहताच सगळ्यांना म्हणाली, बाबूजीले खुर्ची द्या. एकीने माझ्या पाया पडायला सुरुवात केली. अशा वेळी माणूस सौद्याचं काय बोलणार! मी 'वीजगौरव'ची दोन कडवी म्हटली. चक्कीच्या आवाजात ऐकू गेली नाहीत, पण ओठांची हालचाल सगळ्यांनी मन लावून पाहिली.

शनिवार, ३१ डिसेंबर. रात्री ९.१५, लाइट आल्यावर

समारोप. क्रमाने लिहितो, नाहीतर माझा मलाच विश्वास बसणार नाही.

हॉल झाडलेला, फळा काळा, टेबलावर झेंडूचा हार. 'वीजगौरव' एक्केचाळीस कडव्यांचं पुरं झालं होतं. (शेवटची सहा सकाळी केली, घाईत यमक थोडं सैल सुटलं, कळणार नाही.) राजदीप साहेब, पंजाबराव, लखीराम, गावातली माणसं, प्रकाशनगरचे आठ. शीलाही आली, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कवितेला. सत्काराची भाषणं पाचजणांनी केली, सगळ्यांनी चहाचं कौतुक केलं. पाच सत्तावन्नला माझं नाव घेतलं. साहेब म्हणाले, काका, फक्त दहा मिनिटं हं. मी उभा राहिलो, चष्मा पुसला, माइकवर टकटक केली.

खांबांमागे खांब चालले, तारा गाती गाणे,
मीटरमध्ये चकती फिरते, युनिट जणू ते...

अंधार. सहा वाजले.

माइक गेला. साहेब म्हणाले, लखीराम, आज सोडायचा होता ना? लखीराम म्हणाला, साहेब, तुम्ही तोंडी सांगतलं, इकडे शिक्का हाय. आणि तो इथे होता, तर स्विच कोणी पाडला? त्याने जाण्यापूर्वी जोडीदाराला नियम समजावून ठेवला होता. चोख माणूस.

मी अंधारातच म्हणायला सुरुवात केली. पाठ होती. पण सोळा कडवी झाल्यावर लक्षात आलं की खुर्च्या सरकण्याचा आवाज येतो आहे. गावात लाइट असतो आता, चक्कीवर उजेड असतो. सगळे तिकडे चालले होते, साहेबांची बॅटरी पुढे. मीही शेवटी गेलो.

तिथे उजेड होता, आणि पाचेक बायका, आणि पंजाबराव पोत्यावर बसलेले. प्रकाशनगरचे आठही तिथेच. कोणीतरी विचारलं की कॉलनीचा लाइट का जातो. लखीरामने लॉगबुक काढलं, चिठ्ठी वाचली. मोठ्याने, कारण चक्कीचा आवाज होता. 'मोबदला: दळण' एवढंच सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं, कारण त्याच वेळी शकुबाईने चक्की थांबवली.

मला वाटलं, आता पृथ्वीने पोटात घ्यावं. सगळे माझ्याकडे पाहत होते. शीला पुढे आली. माझ्या खांद्यावरची शाल काढली, दोन्ही हातांवर टाकली आणि शकुबाईपुढे बसली. म्हणाली, या.

दोघींचे हात शालीखाली गेले. एक मिनिट. दोन. शकुबाईने कपाळाला आठ्या घातल्या, शीलाने मान हलवली, पुन्हा शाल हलली. शकुबाई हसली, तोंडभर. म्हणाली, "बाई, तुम्ही आधी काहून नाई आल्या?"

सौदा असा: सहा ते सात गावाचे, सात ते नऊ प्रकाशनगरचे. बदल्यात प्रकाशनगरच्या अठ्ठावीस घरांचं दळण यापुढे शकुबाईकडे, ते सहाच्या आधी येईल. आमचं फुकटचं पीठ बंद. मालिका सातला सुरू होते, त्यामुळे सोसायटी मान्य. शकुबाईला अठ्ठावीस घरं मिळाली, तिने चक्की मोडीत घालायचं नाव काढलं नाही. शिक्का मारायला लखीरामने माझ्यापुढे चिठ्ठी धरली. साहेबांनी शिक्का माझ्या हातातून हळूच घेतला. खिशात टाकला. किल्लीही मागितली.

चाळीस कडव्यांपैकी... चुकलो, एक्केचाळीस. पंचवीस राहिली.

बुधवार, ४ जानेवारी २००६

साडेपाचला उठलो. फिरायला गेलो. हॉलपर्यंत. ट्रक उभा होता, जुने मीटर उतरत होते. फळा बाहेर भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यावर कोणीतरी खडूने 'प्रकाशनगर ७ ते ९' लिहून ठेवलं आहे, लखीरामच्या अक्षरात.

साहेब भेटले. बोलले प्रेमाने. म्हणाले, काका, कार्यक्रम इतका चांगला झाला की मी वर लिहिलं, हॉल ठेवा. वरून उत्तर आलं: बाजार जर चक्कीवरच भरतो, तर हॉल कशाला? मी म्हटलं, हेही एक यशच. ते म्हणाले, हो, काका. आणि मग त्यांनी आपल्या वडिलांच्या त्या तीन गैरहजेऱ्यांविषयी विचारलं. हॉल रिकामा करताना ते रजिस्टर सापडलं असावं. मी म्हटलं, पाऊस होता.

शनिवार, ७ जानेवारी. सायं. ६.४०

नागपूरहून मोठ्या ऑफिसचं पत्र आलं. 'स्थानिक पातळीवर स्वेच्छेने भार वाटून घेण्याचा अभिनव प्रयोग' सगळ्या विभागांना शिकवायचा. त्यासाठी तज्ज्ञ बोलावले आहेत. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. श्रीमती शकुबाई आणि श्रीमती शीला उमरीकर. येत्या सोमवारी. गाडी घरी येईल.

आखणी माझी, अशी साहेबांना फोनवर आठवण करून दिली. त्यांनी मान्य केलं. मी म्हटलं, मग मी 'वीजगौरव' घेऊन येतो, उरलेली पंचवीस कडवी. ते म्हणाले, काका, तुम्ही यायची तसदी घेऊ नका. शाल तेवढी पाठवा.

शाल माझी आहे. म्हणजे मीच गेल्यासारखं आहे.

शीला बॅग भरते आहे. डबा दिवाणखान्यात ठेवलाय, मंगळवारी दळण सहाच्या आत नेऊन द्यायला सांगून झालं तीन वेळा. शाल इस्त्री करायची होती. लाइट नाही, सहा ते सात गावाचे. घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसलो आहे. सातपर्यंत होईल सरळ.